धुराची वाट

आमच्या उटनूरकडे घर गळतं म्हटलं की ऐकणारा आधी वर बघतो. कवेलू फुटलं असेल, माकडांनी सरकवलं असेल, यंदा घर शाकारायचं राहून गेलं असेल. मी घर गळतं म्हणते तेव्हा मात्र उंबरठ्याशी ओणवी झालेली असते, नाहीतर विजेच्या बटणांच्या पाटीला गाल लावून उभी असते. मी हवेची गळती मोजते. बंद इमारतीत नको तिथून किती हवा येते, किती जाते आणि तिच्यापायी किती वीज वाया जाते, हे शोधणं माझं काम. बारा वर्षं मी ते पुण्यात, नागपुरात, हैदराबादेत करत आले. माझ्या माहेरच्या गावात ते घेऊन जायची वेळ अलीकडेच आली, आणि बारा वर्षांत जे नीट कळलं नव्हतं ते तिथे कळलं.

उटनूर आदिलाबाद जिल्ह्यात. नागपूर-हैदराबाद महामार्गावर गुडीहत्नूरला वळायचं, इंद्रवेल्ली मागे टाकायची, की सागाच्या रानातून रस्ता गावात येतो. एकात्मिक आदिवासी विकास संस्थेचं मुख्यालय इथेच आहे. आमच्या घरात मराठी, दुकानात तेलुगू आणि बाजाराच्या दिवशी गोंडी, कोलामी, लमाणी असं सगळंच कानावर पडतं. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पौषात पहाटे तो एक आकडी झालेला असतो. म्हणजे वर्षातून दोनदा घराची परीक्षा असते, आणि दोन्ही परीक्षांचे पेपर वेगळे.

एका मे महिन्यात गावातल्या एका संस्थेच्या संगणकखोलीसाठी मला बोलावलं होतं. खोलीत दोन एसी, तरी दुपारी दोननंतर माणसं घामाघूम. दोनदा गॅस भरून झाला होता, तिसरा एसी घ्यायचं ठरत आलं होतं. माझ्या भावाने तिथल्या कुणाला तरी सांगितलं, आमच्या ताईला एकदा बघू द्या.

आमचं यंत्र बघायला साधं आहे. दाराच्या चौकटीत बसेल अशी, लहानमोठी करता येणारी ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावर ताणलेलं लाल नायलॉनचं कापड आणि कापडाच्या भोकात बसवलेला मोठा पंखा. बाकीची दारं-खिडक्या लावून घ्यायची. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, आतला दाब उतरतो, आणि बाहेरची हवा मिळेल त्या फटीतून आत घुसते. आतल्या-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक पडला की पंखा तासाला किती घनमीटर हवा फेकतोय ते वाचायचं आणि त्याला खोलीच्या घनफळाने भागायचं. एका तासात खोलीतली हवा किती वेळा बदलली, तो आकडा हाती येतो. ५० पास्कल म्हणजे काही फार नाही, नळीतलं पाणी पाच मिलिमीटर वर चढवेल एवढाच दाब. पण तेवढ्यानेही बंद खिडकीच्या कडेला धरलेल्या उदबत्तीचा धूर आडवा होतो. या कामासाठी धूर सोडणाऱ्या परदेशी कांड्या मिळतात. मी उदबत्तीच वापरते; ती कुठल्याही दुकानात मिळते, आणि ती हातात दिसली की लोकांची भीड चेपते.

त्या दिवशी उदबत्ती लावायची वेळच आली नाही. पंखा सुरू केला आणि छताच्या पाट्यांच्या सांध्यांतून, दिव्यांच्या कडांमधून बारीक धूळ झरायला लागली. कळफलकांवर, वह्यांवर, माझ्या केसांवर. मदतीला आलेला वायरमन पोरगा तेलुगू घरातला, पण मराठी उत्तम बोलणारा. त्याने शिडी लावली आणि एक पाटी सरकवून डोकं आत घातलं. लगेच बाहेर काढलं. “अक्का, वर भट्टी आहे.” मीही चढून पाहिलं. छतावर दोन हात पोकळी, पोकळीवर तापलेले पत्रे. भिंतीचं प्लास्टर छताच्या उंचीपर्यंत येऊन थांबलेलं, त्याच्या वर उघड्या विटा, आणि पत्र्याच्या पन्हळी जिथे भिंतीवर टेकतात तिथे प्रत्येक पन्हळीखाली मूठ जाईल एवढी जागा. खालून बघणाऱ्याला खोली बंद दिसत होती. खरं म्हणजे तिला झाकणच नव्हतं. दोन्ही एसी राबत होते ते पत्र्याखालचं आभाळ थंड करायला.

बाहेर ४२ अंश आणि आत २६ हवे असतील, तर फटींतून तासाला १०० घनमीटर हवा आत आली तरी एक टनाच्या एसीच्या ताकदीचा जवळजवळ सातवा हिस्सा तिलाच थंड करण्यात खर्च होतो. ही झाली बाहेरची हवा. इथे तर पत्र्याखाली भाजून निघालेली हवा येत होती, आणि १०० घनमीटरांवर थांबतही नव्हती. तिसरा एसी घेतला असता तर त्यानेही हेच केलं असतं.

हे दुखणं जुनं आहे. १९७३च्या तेलसंकटानंतर थंड देशांत घरांची उष्णता जाते कुठे याचा शोध सुरू झाला. १९७७च्या सुमारास स्वीडनमध्ये संशोधकांनी खिडकीत पंखा बसवून घरं तपासली. तीच कल्पना अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मंडळींनी दारात आणली. न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीत त्यांचं काम चालायचं. तिथे गौतम दत्त या संशोधकांच्या लक्षात आलं की माळ्यावर कागदावरच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त उष्णता जाते आहे. वर उष्णतारोधक थर नीट अंथरलेला होता. पण भिंतींच्या पोकळ्यांतून, नळांच्या आणि धुराड्याच्या कडेने हवा त्या थराला वळसा घालून वर पळत होती. तिकडे घरातली ऊब वर निसटायची, इकडे वरची आग खाली यायची. चोरवाट तीच. हा अभ्यास मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचला होता, पण तो खरा समजला तो उटनूरच्या त्या शिडीवर.

महिन्याभरात भिंती पत्र्यापर्यंत चढवून पन्हळींखालची भोकं बुजवली. काम जमलं. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचंय ते आत्याच्या घराबद्दल.

आत्याचं घर दोन काळांत बांधलेलं आहे. पुढे दादाने, म्हणजे आतेभावाने, बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या, मागे आजोबांच्या वेळचं कवेलूचं घर आणि त्यात आत्याचा स्वयंपाक. गॅस आहे, पण तो चहापुरता. भाकरी चुलीवरच. चुलीला सिमेंटच्या नळीचं धुराडं बसवलेलं आहे. स्लॅबच्या एका खोलीत दादाने एसी बसवला होता. श्रावणात त्याने मला फोनवर कौतुकाने सांगितलं, “एसीच्या नळीखाली बादली ठेवतो, रोज एक भरते. तुळशीला, जास्वंदाला तेच पाणी.” मला तो आनंद मोडायचा नव्हता, पण हिशेब डोक्यात होऊन गेला. हवेतल्या वाफेचं पाणी करायलाही उष्णता काढावी लागते. दहा लिटरची बादली भरली म्हणजे एक टनाचा एसी जवळजवळ दोन तास नुसतं पाणी काढायला राबला. खोलीत माणसं तर दोन. मग एवढी वाफ पावसाळी हवेबरोबर कुठून तरी आत येतच असणार. त्याला म्हटलं, दादा, मी पौषात येते तेव्हा बघते.

पौष अमावास्येला केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाचे लोक गोदावरीचं पाणी घेऊन पायी येतात आणि महापूजेने जत्रा सुरू होते. त्या दिवसांत आमच्या भागातली घरं पाहुण्यांनी भरलेली असतात. आत्याकडेही गर्दी होती. संगणकखोली पुन्हा तपासायचं माझं काम आदल्या दिवशी उरकलं होतं, यंत्र गाडीतच होतं. सकाळी दादा म्हणाला, लाव इथेही. मला नुसती त्याची खोली मोजून भागलं असतं. पण आजोबांचं कवेलूचं घर कधी कुणी मोजलंय, असं माझ्या मनात आलं आणि मी पंखा पुढच्या मुख्य दारात लावला. मधली दारं उघडी ठेवली, म्हणजे सगळं घर एकदम मोजलं जाईल.

माझ्याजवळ तपासणीची यादी होती. खिडक्या बंद, मोरीच्या जाळीला चिकटपट्टी, एसी बंद, छताचे पंखे बंद. प्रत्येकापुढे खूण केली. पंखा पूर्ण वेगात नेला तरी दाबाचा आकडा आठच्या वर जाईना. असं होतं, घर फारच सैल असेल तर ५० पर्यंत पोचताच येत नाही, मिळालेल्या आकड्यांवरून पुढचा हिशेब मांडावा लागतो. कवेलूच्या प्रत्येक सांध्यातून हवा येत होती. मी वही काढून आकडे उतरवायला लागले. तेवढ्यात आतून आत्या ओरडली.

“बंद कर वं ते! बंद कर आदी!”

मी धावत मागे गेले. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. धुराड्यातून काजळी भसाभस खाली येत होती. परातीतल्या ज्वारीच्या पिठावर, नुकत्याच धुतलेल्या पातेल्यांवर, आत्याच्या पांढऱ्या केसांवर. कोपऱ्यात दादाची चार वर्षांची मुलगी खोकत होती. मी तिला उचलून अंगणात नेलं, परत येऊन पंखा बंद केला, दारं सताड उघडली. दहा मिनिटांत सगळं निवळलं. कुणाला काही झालं नाही. पण माझे हात बराच वेळ थरथरत होते, कारण काय होऊ शकलं असतं ते त्या घरात फक्त मला माहीत होतं.

चुलीत जाळ नव्हता, पण राखेखाली निखारे होते. घराघरांत सकाळचा विस्तव असाच राखेत झाकून ठेवतात, संध्याकाळी फुंकणीने पुन्हा चेतवतात. लहानपणी मी स्वतः तो झाकलेला आहे. आठ पास्कल हा आमच्या हिशेबात नगण्य आकडा. पण एवढ्याशा धुराड्याची धूर वर ओढण्याची ताकद त्याहूनही कमी असते. मी पंखा लावला आणि धुराची दिशाच उलटली. ही चूक माझी होती. या कामाची पुस्तकं पहिल्याच पानांवर सांगतात की चाचणीआधी घरातली प्रत्येक ज्योत विझवा. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये आणि हैदराबादच्या काचेच्या इमारतींमध्ये राहून माझ्या यादीतून ती ओळच गळली होती.

आत्या रागावली नाही. तिने पीठ गाईच्या घमेल्यात ओतलं, परात घासायला घेतली आणि मला समोर बसवलं. “काय शोधत होती तू?” मी सांगितलं, हवा कुठून जाते ते. ती जरा वेळ परात घासत राहिली. मग म्हणाली, “हवा जाऊ नाई देल्ली तं धूर कोठून जाईन वं माय?” आणि तिने वर बोट दाखवलं.

त्या घरात मी लहानाची मोठी झाले, पण तो कोपरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. स्वयंपाकघराची मागची भिंत कुडाची, शेणामातीने लिंपलेली. ते लिंपण वाशांच्या एक हात खाली थांबलेलं होतं. वरच्या हातभर पट्ट्यात नुसत्या विणलेल्या बांबूच्या कामट्या, धुराने काळ्या आणि तेल लावल्यासारख्या चकचकीत झालेल्या. मी ते अर्धवट राहिलेलं काम समजले असते. अहवालात लिहिलं असतं, भिंतीचा वरचा भाग उघडा, बुजवावा. धुराडं बसवायच्या आधीपासून धूर तिथून जात आला आहे. आजही भाकरीच्या वेळी जाळ मोठा झाला की धुराड्याला न पेललेला धूर तिथूनच जातो. त्याच धुराने कामट्यांना कीड लागत नाही.

मला पुण्यातली एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एका सदनिकेच्या अहवालात मी लिहिलं होतं की न्हाणीघराच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्यांमधून फार हवा गळते, त्या बंद कराव्यात. माझ्या वरिष्ठ बाईंनी ती ओळ खोडली आणि समासात एवढंच लिहिलं, गिझर कसला आहे? गिझर गॅसचा होता. त्याची ज्योत खोलीतलीच हवा खाते. हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळ करणाऱ्याला आपण का पडलो हे कळायलाही वेळ मिळत नाही. दर हिवाळ्यात आपण अशा बातम्या वाचतो. त्या पट्ट्या बंद झाल्या असत्या तर महिन्याची थोडी वीज वाचली असती. त्या समासातल्या तीन शब्दांनी मी तेव्हा शरमले होते, पण शिकले होते एवढंच की गॅसच्या गिझरपासून सांभाळावं. त्यातलं मोठं शिक्षण आत्याच्या चुलीपाशी मिळालं. फट म्हणजे दर वेळी कामचुकारपणा नसतो. तिला कुणीतरी काहीतरी काम दिलेलं असू शकतं, आणि ते काम काय हे घरातल्या माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही.

आमच्या क्षेत्रात जर्मनीतल्या पॅसिव्ह हाउस या मानकाचं मोठं नाव आहे. ५० पास्कलला तासाला हवा ०.६ पटीहून जास्त बदलता कामा नये, अशी त्याची अट. ज्या देशात सहा महिने घर तापवावं लागतं आणि ताजी हवा यंत्राने आत आणायची सोय घरातच बांधलेली असते, तिथे ती अट अगदी योग्य आहे. आपल्याकडे २०१८ साली निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आली. त्यात हवेची वाट मोजलेली आहे ती उलट्या बाजूने. हैदराबाद-नागपूरसारख्या संमिश्र हवामानात घराच्या चटईक्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के एवढ्या खिडक्या-दारं उघडता यायला हवीत, असं ती सांगते. कार्यालयांसारख्या व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता मात्र दार-खिडक्यांच्या गळतीवर मर्यादा घालते. दोन्ही मला पटतात. खिडकी आपण ठरवून उघडतो, ठरवून लावतो. आत्या मे महिन्यात सकाळी नऊच्या आत मागचं दार आणि खिडक्या लावून घेते, दिवस कलला की उघडते. रात्रभर वारा आणि दिवसभर गारवा. फट कुणाचं ऐकत नाही. ती भर दुपारीही उघडी आणि पौषातल्या पहाटेही उघडी. म्हणून एसीच्या खोलीतली फट मी बुजवते, तशीच पुढेही बुजवणार. चुलीच्या घरातल्या फटीला मात्र आता विचारूनच हात लावते.

दुपारी दादाची खोली वेगळी मोजली. पंखा तिच्याच दारात लावला, मधलं दार बंद करून स्वयंपाकघर वेगळं काढलं, निखारे अंगणात नेऊन पाण्याने विझवले. आत्या स्वतः बघायला उभी होती. या खोलीत ५० पर्यंत सहज पोचलो. उदबत्ती घेऊन फिरलो. एसीच्या तांब्याच्या नळ्या भिंतीतून बाहेर जातात ते भोक दादाने कापसाने बुजवलं होतं. आदिलाबाद कापसाचा जिल्हा. घरात कापूस असतोच. मी तो उपसून काढला. बोंडातून काढला तेव्हा पांढराशुभ्र असेल, आता त्याचा बाहेरच्या बाजूचा थर राखाडी काळा झाला होता, आत आत जावं तसा फिका. दादाला तो तळहातावर ठेवून दाखवला. कापूस हवा अडवत नाही, गाळतो. तो काळा पडला याचा अर्थच असा की त्यातून वर्षभर हवा वाहत होती. कुठल्याही आकड्याने जे त्याला पटलं नसतं ते त्या मूठभर कापसाने पटलं. भोकात आधी फोम, वरून सिमेंटची लांबी भरली. खिडकीच्या चौकटीभोवती भेग होती, ती लिंपली. दाराखाली रबरी पट्टी बसवली. बटणांच्या पाटीमागून येणारी हवा थेट गच्चीवरच्या नळीतून येत होती. तिचं वरचं तोंड बुजवलं. एकूण खर्च एका जेवणावळीच्या मिठाईइतकाही आला नाही. निघताना दादाला बजावलं, झोपताना एसी बंद केला की खिडकी उघडायची. बंद खोलीत माणसांनाही हवा लागते.

यादी मी त्याच रात्री नव्याने लिहिली. पहिली ओळ आत्याने सांगितली तशीच, तिच्याच शब्दांत ठेवली आहे. “पह्यले इस्तो पाहून घेत जाय.” हैदराबादचे माझे सहकारी ती छापील यादी वाचतात आणि इस्तो म्हणजे काय ते विचारतात. मी सांगते, विस्तव. मग ते इमारतीत शिरल्यावर आधी उपाहारगृहाकडे वळतात, देवघर आहे का पाहतात, जनरेटरच्या खोलीची दारं तपासतात.

लाल कापडावर त्या सकाळच्या काजळीचा एक पट्टा राहिला आहे. दोनदा धुऊनही गेला नाही. नवं कापड घेता येईल, अजून घेतलेलं नाही.

त्या मोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले तेव्हा आत्या मागच्या भिंतीला पोचारा देत होती. जत्रेचे आणखी पाहुणे यायचे होते. मला बघून तिने हात थांबवला, वर वाशांकडे पाहिलं आणि आदल्या वर्षीच्या रेषेवरच लिंपण संपवलं.